रडण्याचा ठेका

स्लिवेन, ३ सप्टेंबर

झोर्ने, पोरी,

तू पाठवलेली डबी पोचली. सोबतच्या चिठ्ठीत ‘वाजवत राहा’ एवढंच होतं, त्यामुळे ती वस्तू काय आहे हे कळायला वेळ लागला. काडेपेटीएवढी दिसली, म्हणून वाटलं औषधाच्या गोळ्या ठेवायची असेल. मग तिच्या पोटातली दांडी बाहेर वळते हे लक्षात आलं. ती दांडी इलेक्ट्रिक गिटारच्या भोकात अचूक बसली, दुसऱ्या बाजूला हेडफोन लावले, लाल दिवा लागला. मी एक तार छेडली आणि घाबरून मागे पाहिलं. एवढा मोठा आवाज झाल्यावर तुझी मावशी धावत येणार हे नक्की होतं. ती स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्या सोलत होती. तिनं मानही वर केली नाही. सगळा आवाज माझ्या डोक्यातच होता.

एक विचारायचं आहे. ही डबी फार वेळ चार्जिंगला राहिली तर फुटत नाही ना? मी ती उशीपासून लांब, बशीत ठेवतो.

फोनवर विचारलं असतं. पण मला मोबाईलचा आवाज मोठा ठेवावा लागतो, मग तुझं बोलणं मावशीलाही ऐकू जातं, आणि तुझं नाव निघालं की ती भांडी आपटायला लागते. म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरचा गेनादी पोस्टाच्या बाजूला जातो, त्याच्याजवळ देईन.

स्तोयान्कामावशी चाळीस दिवसांपुरती म्हणून आली होती. चाळीस दिवस कधीच झाले, तिच्या पिशव्या अजून इथंच आहेत. दारावर काळी फीत आहे. टीव्हीवर चादर घातली आहे, रेडिओ कपाटात गेला आहे. वर्ष होईपर्यंत या घरात गाणंबजावणं नाही. माझा मोठा अॅम्प्लिफायर तिनं तळघरात नेऊन त्यावर कोबीचं पिंप ठेवलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर वाजवू नये हे मलाही कळतं, मी काही जंगलातून आलेलो नाही.

पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडतात, तुला माहीत आहे. डॉक्टरीण म्हणाली होती की चालता हात चालत राहील, थांबला की पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून तुझी आई रोज सकाळी कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवायची, हात शेकून झाला की समोर बसायची आणि म्हणायची, वाजव आता. जेवणाआधी मी काचा लावलेल्या बाल्कनीत जातो, मिरच्यांच्या बरण्यांमागे स्टूल आहे, तिथं बसतो. आतून कडी लावतो. ही डबी नसती तर वर्ष संपेपर्यंत हाताची मूठ झाली असती.

स्मशानाच्या फाटकात मावशी तुला काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही, वारा होता. तुझा भाऊ प्लामेन म्हणतो, तुझ्या लाल नखांवरून काहीतरी बोलली. तू आईच्या नावाचे उकडलेले गहूसुद्धा न खाता बसमध्ये बसलीस. त्यावर मी काही लिहीत नाही.

तिकडे वालेन्सियात अजून उकाडा असेल. पाणी पीत जा.

तुझा बाबा

२६ सप्टेंबर

झोर्ने,

तुझं कार्ड आलं. डबी फुटत नाही हे वाचून बरं वाटलं, तरी बशी ठेवलीच आहे.

मी एका विचित्र भानगडीत सापडलो आहे.

गेले काही दिवस लोक माझ्यासाठी खायला आणत होते. खालच्या गेनादीच्या बायकोनं, गुनानं, भरल्या मिरच्या दिल्या. तिसऱ्या मजल्यावरून चीजची बानित्सा आली. दुकानातल्या बाईनं ब्रेडचे पैसे घेताना माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मला वाटलं, तुझ्या आईची आठवण काढतात. ती होतीच तशी. मी धन्यवाद म्हणत होतो आणि खात होतो.

मंगळवारी मी आमच्या लग्नातली नाचाची गत, रचेनित्सा, वाजवत होतो. मधल्या वळणावर तिसरं बोट अडकतं, ते पुन्हा पुन्हा घोटत होतो. कानात खाज आली म्हणून हेडफोन वर सरकवले. बोटं चालू होती, पाय चालू होता. तर बाल्कनीत कुंपणात अडकलेल्या वासरासारखा आवाज येत होता. मी इकडेतिकडे पाहिलं. तो मीच होतो.

पोरी, मी हॉटेलात इतकी वर्षं वाजवलं, बँडला टाचेनं ठेका द्यायचो आणि पुढच्याला सूर कळावा म्हणून तोंडानं आळवायचो. ढोल आणि क्लॅरिनेटच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जात नसे. ही सवय अंगात मुरली आहे हे मलाच माहीत नव्हतं. तुझ्या डबीतून गिटारचा आवाज बाहेर जात नाही, ते खरं. पण माझा जातो. आणि कान बंद असल्यामुळे तो जगात एकट्या मलाच ऐकू येत नाही.

मी तारांवर हात दाबून ऐकू लागलो. स्वयंपाकघरात गुना आलेली होती. मावशी तिला हळू आवाजात सांगत होती, "रोज याच वेळेला रडतो. चारचौघांत डोळ्याला पाणी नाही, मानी माणूस आहे. आत जाऊन टाचा आपटून रडतो." गुना म्हणाली, "आमच्यात एवढा जीव लावणारा पुरुष मी नाही पाहिला."

तेव्हाच बाहेर येऊन खरं सांगायला हवं होतं. पण बाहेर येऊन काय सांगणार? की मी रडत नाही, बायको जाऊन वर्ष झालेलं नसताना आत बसून नाचाची गत वाजवतो आहे? आणि तुमच्या मिरच्या छान झाल्या होत्या?

मी बाहेर गेलो. दोघींनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मी नाक शिंकरलं. सर्दी झाली होती म्हणून, खरंच.

काय करू ते कळव.

बाबा

१९ ऑक्टोबर

झोर्ने,

‘पायाखाली उशी घ्या आणि ओठ मिटून ठेवा’ असं तू लिहिलंस. दोन्ही करून पाहिलं.

ओठ मिटले की बोटं चुकतात. मला आळवल्याशिवाय पुढचा सूर सापडत नाही. सापडला असता तर मी संगीतशाळेत शिकलो असतो, दिवसा कारखान्यात लेथवर कशाला आयुष्य काढलं असतं. उशीनं टाचेचा आवाज कमी झाला, पण मावशीनं उशी नेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिन्याला माहीत होतं की आता तो उशीत तोंड खुपसून रडतो. त्या संध्याकाळी दोन घरांतून सूप आलं.

मग वाटलं, सरळ थांबावं. एक दिवस बाल्कनीत गेलोच नाही. टेबलाशी बसून जुना पेपर वाचत राहिलो. थोड्या वेळानं मावशी दारात येऊन उभी राहिली.

"दाजी, आज जायचं नाही का तिकडं?"

मी म्हटलं, नाही.

"बरं वाटत नाही? खालचेही विचारत होते."

रोज ठरल्या वेळी रडणारा माणूस एक दिवस रडला नाही तर लोकांना त्याची जास्त काळजी वाटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी उठून गेलो. हात तेवढ्यातच जड झाला होता.

आता खरी गोष्ट सांगतो. रविवारी प्लामेन सोफियाहून आला. मावशीनं बोलावला होता. तो माझ्याशी असा बोलत होता जसं काही मी बहिरा आहे आणि शिवाय लहानही. म्हणाला, बाबा, हे असं चालणार नाही, तुम्ही इथं भिंतींकडे बघून खचताय. दोघांचं ठरलं आहे. सहा महिन्यांचे गहू झाले की मला मावशीच्या गावी न्यायचं, द्राकोव्होला. फ्लॅट बंद करायचा. तू लहानपणी तिथं गेली होतीस, बकरी तुझ्या मागे लागली होती. आता हिवाळ्यात तिथं मोजकी घरं उघडी असतात आणि पाव आणणारी गाडी बर्फ असेल तर येत नाही.

जाता जाता त्यानं बाल्कनीच्या दाराकडे बोट केलं. "ती लाल गिटार अजून आहे का? गावी काय करायची? कुणाला तरी देऊन टाकू."

मी तिच्यावर रजई टाकून ठेवली आहे. लाल रंग या घरात बरा दिसत नाही.

मला दोन्हीकडून दार लागलं आहे. खरं बोललो तर सुतकाच्या वर्षात वाजवणारा म्हातारा ठरतो, तुझ्या आईच्या नावावर थुंकणारा. गप्प बसलो तर दुःखानं मोडलेला म्हातारा म्हणून बकऱ्यांमध्ये नेऊन ठेवतात, गिटार जाते, हात जातो. तू प्लामेनला एक फोन कर. बाबा ठीक आहेत, त्यांना राहू द्या, एवढंच सांग. का ठीक आहेत ते सांगू नकोस.

छातीत थोडं धडधडतं, पण ते जिन्यामुळे असेल.

बाबा

६ नोव्हेंबर

झोर्ने,

‘त्या घरात मावशी आहे तोवर मी त्या घराबद्दल कुणालाच फोन करणार नाही.’ तुझं हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. ठीक आहे. आता त्याची गरजही उरली नाही.

काल सहा महिन्यांचं झालं. सकाळी स्मशानात पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, थडग्यावर वाइन ओतली. मग सगळे घरी आले. मावशीनं उकडलेल्या गव्हावर साखर दाबून मधोमध क्रूस काढला होता. गेनादी आणि गुना, प्लामेन, पाद्रीबाबा, जिन्यातल्या दोन बायका. तुझ्या आईची खुर्ची रिकामी ठेवली होती.

प्लामेननं चमचा खाली ठेवून सगळ्यांना सांगितलं की बाबांना परवा गावी नेतोय, त्यांचं रोजचं रडणं आता बघवत नाही. बायकांनी माना हलवल्या. गुनानं डोळे पुसले. मी ताटातला गव्हाचा एकेक दाणा बाजूला करत होतो.

गेनादीचे दोन ग्लास झाले होते. तो आयुष्यभर बस चालवत आला, फारसा बोलत नाही. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला.

"प्लामेन, उगाच म्हाताऱ्याला हलवू नकोस. तो रडत नाही."

"म्हणजे?"

"अरे, माणूस सात मात्रांत रडतो का कधी? दोन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. मी खाली बसून गुडघा दाबून धरतो, नाहीतर माझाच पाय उठायचा. उस्ताद रचेनित्सा वाजवतोय वर. कशी ते मला माहीत नाही, पण वाजवतोय."

पाद्रीबाबा गव्हाकडे बघत राहिले. प्लामेन हसू लागला आणि मग थांबला. "बाबा?"

मी खिशातून तुझी डबी काढून टेबलावर ठेवली. आणखी काय करणार? ती तिथं गव्हाच्या ताटाशेजारी पडली होती, आणि काडेपेटीएवढ्या वस्तूकडे इतकी माणसं बघत होती. मला वाटलं, आता मावशी उठेल आणि ती खिडकीतून फेकेल.

मावशी उठली नाही. तिनं गेनादीकडे पाहिलं.

"झालं समाधान? मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात याच गतीवर मी नाचले, मला ओळखू येणार नाही? तुम्हाला ठाऊक होतं. या जिन्यात असं कोण आहे ज्याला सातातला ठेका ओळखता येत नाही? मग मी काय ओरडत सुटू, आमचे दाजी सुतकात नाचाची गत वाजवतायत म्हणून? रडतात म्हटलं. तुम्हीही होय म्हणालात, सूप आणून दिलंत. सगळ्यांची अब्रू झाकलेली होती."

गेनादी म्हणाला, मी आपलं त्याच्या भल्यासाठी बोललो.

"भल्यासाठी! कालपर्यंत हा माणूस रडत होता. आता उद्या यानं तार छेडली की ते वाजवणंच. पाद्रीबाबांसमोर बोललात तुम्ही. आता मीसुद्धा झाकू शकत नाही."

तिचं खरं होतं, पोरी. मला हे आत्तापर्यंत कळलंच नव्हतं. मी सगळ्यांना फसवतोय या भीतीनं इतके दिवस झुरलो, आणि सगळे मिळून मला सांभाळत होते. गुनाच्या मिरच्या रडण्यासाठी नव्हत्या. तिला ती गत आवडत असावी. ती आता माझ्याकडे बघत नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी मावशीला विचारलं, मग मला गावी का न्यायचं होतं? ती ताटं धूत होती. म्हणाली, "इथल्या भिंती कागदाच्या. माझ्याकडे गोठ्याच्या भिंती दगडाच्या आहेत. ते लाल लाकूड रजईत गुंडाळून घ्या, बसमध्ये कुणी बघायला नको."

उद्या निघतो. इथं राहिलो तर वर्ष होईपर्यंत हात खिशात. तिथं गेलो तर काय ते माहीत नाही. तिच्याशिवाय तिथं बोलायलाही कुणी नाही. पत्ता खाली लिहिला आहे.

बाबा

द्राकोव्हो, २१ जानेवारी

झोर्ने, पोरी,

बर्फामुळे गाडी येत नव्हती, म्हणून पत्राला उशीर. आज रस्ता उघडला आहे असं म्हणतात.

मी जिवंत आहे. गुडघे दुखतात. घराबाहेर पडायला वाट नाही, दारापासून गोठ्यापर्यंत मावशीनं फावड्यानं बोळ काढला आहे, दोन्ही बाजूंना छातीएवढं बर्फ. मी त्या बोळातून जातो आणि त्याच बोळातून परत येतो. तेवढंच माझं जग. शेजारी दोन घरांत धूर दिसतो. एका घरात तिची चुलत जाऊ राहते, आणि तिला कान आहेत.

दगडाच्या भिंतींचा उपयोग झाला, पण गोठ्याला हवेसाठी झरोका आहे, तो बुजवला तर बकऱ्या गुदमरतील. पहिल्याच दिवशी मी वाजवून बाहेर आलो तेव्हा मावशी विहिरीवरून येत होती. म्हणाली, विहिरीपर्यंत ऐकू येतं. टाचेखाली तिनं मेंढीचं कातडं दिलं. तोंडाला रुमाल बांधून पाहिला, त्यात माझा श्वास अडकला. मग तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तुम्ही वाजवा. मी बघते काय ते."

काय केलं सांगू? ती काळा रुमाल बांधून गोठ्याबाहेरच्या बाकावर बसते आणि मोठ्यानं शोक करते. जुन्या बायका थडग्यावर करायच्या तसा, लांब हेल काढून, बहिणीच्या नावानं. तिच्या आवाजात माझा आवाज बुडतो. ती दाराशी येऊन बोट वर करते, मी हेडफोन लावतो, ती बाहेर जाते. माझं झालं की मी आतून दारावर थाप मारतो, मग ती डोळे पुसून कोबी चिरायला जाते. तिची जाऊ म्हणाली, स्तोयान्का, अशी बहीण सगळ्यांना मिळो. मी ते काम समजत होतो. दूध काढण्यासारखं. एवढं करते म्हणून मनात आभार मानायचो आणि पुन्हा तिसऱ्या बोटाकडे वळायचो. बोट आता वळतं. मधलं वळण जमतं.

परवा दिवसभर वीज नव्हती. डबी अर्धीच भरली होती. मी वाजवत होतो आणि मध्येच सगळं बंद पडलं. लाल दिवा गेला. कानात काही नाही. गिटारच्या तारा तेवढ्या टिक टिक करत होत्या. मी हेडफोन काढले.

बाहेर ती बोलत होती. त्यात हेल नव्हता, जुने शब्द नव्हते. साधं बोलत होती, स्वयंपाकघरात तुझ्या आईशी बोलायची तशी, मध्ये नाक ओढत. यंदा मिरच्या पातळ निघाल्या, नेवेने, तू असतीस तर भाजू दिल्या नसत्यास. मग थोडा वेळ नुसतीच रडली. मग म्हणाली, "तुझ्या पोरीला मी फाटकात बोलले. लाल नखांवरून. तिला रंग काढायला वेळ कुठून मिळणार होता, ती विमानातून उतरून सरळ आली होती. ते मला तेव्हाही दिसत होतं, तरी बोलले. ती गहू न खाता गेली, नेवेने. आता वर्षाच्या पावाचं पीठ मळायला बसेन तेव्हा माझ्यासमोर कोण बसेल? नखं कसलीही असू देत, हात तर तुझेच आहेत."

हे तिनं मला सांगितलेलं नाही. तुलाही सांगायला सांगितलेलं नाही. ती ते तिच्या बहिणीला सांगत होती, आणि तिला वाटत होतं की माझे कान बंद आहेत. मी तुला लिहितो आहे ते चुकीचं असेल. पण माझ्याजवळ ठेवून मी काय करू?

वर्षाचं मे महिन्यात आहे. ये असं मी म्हणत नाही. पीठ आदल्या दिवशी मळतात, एवढं तुला माहीत असावं.

आणखी एक. त्या दिवशी डबी बंद पडल्यावर मला थाप मारून बाहेर येता आलं असतं. थंडी होती, बोटं गारठली होती, वाजवायला काही उरलं नव्हतं. पण मी थाप मारली असती तर ती उठली असती, डोळे पुसून आत गेली असती. म्हणून मी हेडफोन पुन्हा कानावर ठेवले, अर्धे. मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिलो, तोंडानं आळवत राहिलो, आणि कातडं बाजूला सारून टाच मारत राहिलो, तिला ऐकू जाईल इतक्या जोरात. दोन, दोन, तीन. तिचं बोलून होईपर्यंत.

तुझा बाबा,
मेतोदी